सल्ला हवा: पेरूजात आई-बाबांची राहण्या-फिरण्याची सोय (बजेट ९०० युरो)

ऋता_उंब्रिया
नमस्कार मंडळी. मी इटलीत, उंब्रिया प्रांतातल्या पेरूजात पीएचडी करते. आई-बाबा सांगलीहून एप्रिलच्या मध्यावर तीन आठवड्यांसाठी येताहेत. व्हिसा, विमा, विमानाची तिकिटं झाली. माझं घर वरच्या जुन्या गावात, तिसऱ्या मजल्यावर. एकच खोली, लिफ्ट नाही. बाबांचा गुडघा दुखतो, आई शाकाहारी. त्यांना खाली स्टेशनजवळ खोली घेऊन द्यावी की माझ्याकडेच ठेवावं? फिरायला गाडी भाड्याने घ्यावी का? राहणं-फिरणं मिळून ९०० युरो, त्यावर एक युरोही नाही.

तोरिनोकर_मिलिंद
गाडीच घे, आणि मोठी घे. आम्ही अख्खं उंब्रिया गाडीने पाहिलं. वाटेल तिथे थांबा, डबा खा, पुढे निघा. आई-बाबा अजून आठवण काढतात. आयुष्यात एकदाच येणार, ९०० काय आणि १५०० काय!

मृदुला_बोलोन्या
मिलिंद, ती पर्यटक नाही. इथली रहिवासी होऊन वर्ष उलटलं की भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही. भारताशी अदलाबदलीचा करार नाही, इथली परीक्षा द्यावी लागते आणि लेखी पेपर इटालियनमध्ये असतो. शिवाय गावागावात झेडटीएल, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला जुन्या गावाचा भाग. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. माझ्या दिराला फ्लोरेन्सचा आला, वर गाडीवाल्या कंपनीने नाव-पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे कापले. अजून राग जात नाही.

तोरिनोकर_मिलिंद
मग बाबा चालवतील. आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला की झालं.

मृदुला_बोलोन्या
दुखऱ्या गुडघ्याने क्लच दाबत, रस्त्याच्या उलट्या बाजूने?

बेर्गामोचा_नंदू
बेर्गामोला आण त्यांना. आमच्याकडे १८८७ पासून वरच्या गावात जायला फ्युनिक्युलर (दोरावर ओढली जाणारी, चढावरची छोटी रेल्वे) आहे, चढायची भानगडच नाही. माझे सासरे पंचाहत्तरीचे, रोज वर कॉफीला जायचे.

काका_पेरूजा
नंदू, पेरूजाही काही मागे नाही. ऋता, मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून नीट सांगतो. खालच्या पियाझा पार्तिजानी चौकापासून सरकते जिने थेट रोक्का पाओलिना या जुन्या किल्ल्याच्या पोटातून वरच्या पियाझा इतालिया चौकात काढतात. वाटेत जुन्या पेरूजाच्या गाडल्या गेलेल्या गल्ल्या दिसतात, बाबांना फार आवडतील. फोंतिवेज्जे स्टेशनवरून मिनिमेत्रो ही छोटी शहर-रेल्वे जुन्या गावातल्या पिंचेत्तो थांब्यापर्यंत वर येते, शहर-बसचंच तिकीट चालतं. त्यामुळे चढ हा प्रश्न नाही, तुझा जिना हा प्रश्न आहे. माझं मत, स्टेशनजवळ खोली घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युरोपियन युनियनबाहेरचा पाहुणा घरी ठेवलास, मग ते सख्खे आई-वडील का असेनात, तर ४८ तासांत क्वेस्तुराला (पोलीस मुख्यालयाला) लेखी कळवावं लागतं. कॉमुनिकाझिओने दि ओस्पितालिता असा फॉर्म आहे. नाही कळवलं तर १६० ते ११०० युरो दंड. दोघांच्या पासपोर्टच्या प्रती, तुझा घराचा करार आणि पर्मेस्सो (राहण्याचा परवाना) हाताशी ठेव. पोच जपून ठेव. घरमालकालाही आधी सांग.

सोनाली_पादोवा
स्टेशनजवळच घे. आणि प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये पंच करायला विसरू नका. व्हेनिस तर व्हायलाच हवं, फ्रेच्चारोस्सा या वेगवान रेल्वेने पटकन होतं.

मृदुला_बोलोन्या
+१ तिकीट पंच करणे. मोबाइलवरचं प्रादेशिक तिकीट असेल तर चेक-इन करावं लागतं. ही तिकिटं आधी काढून स्वस्त पडत नाहीत, त्यामुळे घाई नको. व्हेनिस मात्र ९०० मध्ये कुठे बसणार?

जोशीबाई_पार्मा
आई शाकाहारी आहेत ना? मग पार्मिज्यानो चीज देऊ नका, त्यात वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं. इथे राहून मी हे प्रत्येकाला सांगते.

बेर्गामोचा_नंदू
जोशीबाई, इतकं पाहिलं तर इटलीत जेवणार काय? आमच्या घरी सगळे खातात.

जोशीबाई_पार्मा
तुम्ही खा. त्यांना सांगून मग ठरवू द्या. पाकिटावर 'कालियो वेजेताले' (वनस्पतिजन्य रेनेट) लिहिलेलं चीज मिळतं. पियादीना या पातळ रोटीतही बरेचदा डुकराची चरबी असते, 'स्त्रुत्तो' आहे का ते विचारा. तुमच्या उंब्रियात तोर्ता अल तेस्तो मिळते ना, तव्यावर भाजलेली जाड भाकरीच ती. आत शिजवलेला पाला घालून घ्या, आई खूश होतील. चरबीचं तिथेही विचारून घ्या.

सोनाली_पादोवा
घरी ठेवलंत तर मीटरकडे लक्ष ठेवा. साध्या घराचा करार ३ किलोवॅटचा असतो. इंडक्शनवर कुकर, त्यात गीझर आणि वॉशिंग मशीन, की बत्ती गुल. तिसऱ्या मजल्यावरून खाली मीटरपर्यंत कोण धावणार? आणि १५ एप्रिलला हीटिंग बंद होतं, जुन्या दगडी घरात तेव्हाही गारठतं. जाड पांघरुणं आत्ताच जमवा.

तोरिनोकर_मिलिंद
म्हणूनच म्हणतो, चांगलं हॉटेल आणि गाडी.

ऋता_उंब्रिया
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, ४८ तासांचं मला अजिबात माहीत नव्हतं, फॉर्म उतरवून घेतला. जोशीबाई, तुमचा निरोप आईला पोचवला, ती पार्मिज्यानो खाणार नाही म्हणाली.

पण खोली घेत नाहीये. बाबांशी बोलले. ते म्हणाले, "तुझ्याकडे यायचंय, स्टेशनकडे नाही. जिना सावकाश चढू, दिवसातून एकदाच उतरू." पलंग त्यांना, मी गादी टाकून खाली. गाडीही नाही. असिसी, स्पेल्लो रेल्वेने. असिसीचं स्टेशन खाली सांता मारियात आहे, तिथून वर बस. ओर्विएतोला स्टेशनसमोरच फ्युनिक्युलर आहे. वाचलेल्या पैशांतून पास्सिन्यानोला त्राझिमेनो तळ्याकाठी तळमजल्यावरची खोली दोन रात्री घेतेय. तिथून बोटीने इझोला माज्जोरे बेटावर जाता येतं. बाबांना कृष्णेकाठची सवय, पाण्याशेजारी बसून राहतील.

काका_पेरूजा
जिन्याचं मला अजून पटत नाही. पण क्वेस्तुराला जाताना सोबत हवी असेल तर सांग, येईन.

तोरिनोकर_मिलिंद
गाडी नाही म्हणजे स्पोलेतो राहिलंच.

मृदुला_बोलोन्या
स्पोलेतोलाही रेल्वे जाते हो, गरज पडली तर फोलिन्योला बदलायची.