मदत हवी: अडीच महिने भाड्याचा फ्लॅट, गॅस नाही, आणि आईला तांदळाची भाकरी पाहिजे

नमस्कार मंडळी,

आम्ही जांबोटी भागातले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फिजिओथेरपीसाठी गावाहून रोज ये-जा नको, म्हणून बेळगावात टिळकवाडीला, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ अडीच महिन्यांसाठी फ्लॅट घेतलाय. तिसरा मजला, पण लिफ्ट आहे. बाबा म्हशींमुळे गावीच. स्वयंपाक माझ्याकडं.

फ्लॅटमध्ये गॅस नाही, मालकांनी इंडक्शन ठेवलंय. गावचा बिडाचा तवा गोल बुडाचा, काचेवर होडीसारखा डुलतो, आणि इंडक्शन नुसतं पीं पीं करतं. मग सपाट नॉनस्टिक आणला. त्यावर भाकरी मधोमध करपते, कडा पांढऱ्याच राहतात, फुगायचं तर नावच नाही. आईला खाली बसायला मनाई आहे, त्यामुळं ती डायनिंग टेबलाशी खुर्चीवर बसून परातीत थापते आणि मी टाकतो. चारातल्या तीन उचलतानाच मोडतात. पहिल्या दिवशी तिनं इंडक्शनकडं बघून विचारलं, "ह्याला जाळ कुठनं येतोय रे?" मी समजावून सांगितलं. तिला पटलं नाही. भाकरी बघितल्यावर मलाही नाही.

शेजारच्या काकू कन्नड. बिचाऱ्या दोन-तीनदा जोळद रोट्टी देऊन गेल्या, छान होत्या. पण आईचं म्हणणं, जोंधळ्याची भाकरी पावण्याच्या घरी खायची. बाबांनी तांदळाचं पीठ बसमधून पाठवलंय, ते डब्यात तसंच पडून आहे.

तर, इंडक्शनवर भाकरी जमते का? की एवढ्या थोड्या दिवसांसाठी सिलिंडर मिळतो? आणि एक, गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेचं. बिल कन्नडमध्ये, मला आकडे तेवढे कळतात. मालक म्हणतात वीज फुकट आहे. रोज दोन तास इंडक्शन चालवलं तरी फुकटच राहणार का?

प्रतिसाद १
जमते, मी दोन वर्षं करते आहे. नॉनस्टिक ठेवून द्या. जाड, सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्या, गणपत गल्लीत मिळेल. घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. इंडक्शनची कॉइल लहान असते, तव्याच्या कडा तापतच नाहीत, म्हणून भाकरी तळहातापेक्षा थोडीच मोठी थापायला सांगा. पीठ उकड काढून मळा, म्हणजे मोडणार नाही. तवा मध्यम आचेवर चांगला तापू द्या. पाण्याची बाजू सुकली की उलटा, दुसरी बाजू भाजली की परत उलटून सुती फडक्यानं कडा दाबत फिरवा. फुगते. जाळावरच्यासारखी नाही, पण फुगते.

प्रतिसाद २
गॅस एजन्सीत ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दर मोठ्या घरगुती सिलिंडरच्या मानानं महाग पडतो. मालकांना आधी विचारा. बिलाचं म्हणाल तर सरसकट २०० युनिट फुकट नाहीत. त्या मीटरच्या २०२२-२३ च्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून मर्यादा ठरते. मर्यादेच्या वर पण २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटचे पैसे, २०० ओलांडले तर सगळंच बिल. २००० वॅटचं इंडक्शन पूर्ण आचेवर तासाला २ युनिट खातं. घर आधी रिकामं असेल तर मर्यादा कमीच असणार. बिलाचा फोटो टाका, वाचून सांगतो. आरआर नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, मात्र झाका.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तवा आज संध्याकाळी आणतो. उकडीचं आईला सांगितलं तर म्हणाली, "ते मला ठावं हाय, तूच गार पाणी घालत होतास."