मदत हवी आहे: मुलांचे निबंध प्रवचनं होतायत

नीलमोहर
नमस्कार. मी ख्रिस्ती दृष्टिकोनातून अभिजात साहित्य आणि निबंधलेखन शिकवते. पुस्तक वाचून झालं, चर्चा छान झाली, मग निबंध लिहायला दिला. नऊ मुलं, नऊ निबंध आणि शेवट एकच: 'म्हणून आपणही क्षमा केली पाहिजे.' खाली बायबलचं एक वचन. पुस्तक न उघडताही हे लिहिता आलं असतं. 'वचन लिहू नका' म्हणायला जीभ रेटत नाही, मग हा वर्ग ख्रिस्ती कशाला? लिहू दिलं तर निबंध उरत नाही. शनिवारी वह्या परत द्यायच्या आहेत. शेरा काय लिहू?

जुनी_वही
कोणतं पुस्तक? मुलं किती वर्षांची? विषय नेमका काय दिला होता? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अक्षरवेळ
माझा अनुभव सांगतो. आधी अक्षर सुधारून घ्या. रोज एक पान शुद्धलेखन आणि समास सोडून लिहायची सवय. नीटनेटकं लिहिणारं मूल नीटनेटका विचार करतं.

नीलमोहर
@अक्षरवेळ, अक्षर सगळ्यांचं चांगलं आहे हो.
@जुनी_वही, व्हिक्टर ह्युगोची 'ले मिझराब्ल' ही कादंबरी. एकोणीस वर्षं तुरुंगात काढून सुटलेला ज्याँ वालज्याँ आसरा देणाऱ्या बिशपची चांदीची भांडी चोरतो, पोलीस त्याला पकडून आणतात आणि बिशप त्याला वाचवतो, तो प्रसंग. मुलं चौदा-पंधराची. विषय: 'बिशपच्या क्षमेचा ज्याँ वालज्याँवर झालेला परिणाम'.

साधा_वाचक
हेच पुस्तक का? १८६२ ला आलं आणि १८६४ मध्ये रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेलं. ख्रिस्ती वर्गात पवित्र शास्त्र आणि संतचरित्रं पुरेत. बाहेरचं शिकवायचं आणि वर वचनांचा मुलामा द्यायचा, यातूनच असे निबंध येतात.

दुसरा_मैल
@साधा_वाचक, ती यादीच १९६६ मध्ये रद्द झाली. आणि बाहेरचं म्हणाल तर पौलाने अथेन्समध्ये ग्रीक कवीचीच ओळ ऐकवली होती, प्रेषितांची कृत्ये १७:२८ बघा. इस्राएल लोकांनी मिसर सोडताना तिथलं सोनं बरोबर नेलं, तसं परक्या विद्येतलं चांगलं ते घ्यावं, असं संत ऑगस्टीननेही लिहून ठेवलंय.

साधा_वाचक
त्याच सोन्याचं पुढे पूजेसाठी वासरूही झालं, हेही शिकवा.

दुसरा_मैल
मान्य. म्हणूनच कसं वाचायचं ते शिकवावं लागतं.

ओवीप्रेमी
परदेशी कादंबरी हवीच कशाला? फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' घ्या. १६१६ साली छापलेलं, दहा हजारांहून जास्त ओव्या. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या ओव्या वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. मुलांना पाठ करायला लावा, भाषा आपोआप येईल.

जुनी_वही
ओवीप्रेमी, ग्रंथ थोरच, पण प्रश्न निबंधाचा आहे.
नीलमोहर, घोळ तुमच्या विषयात आहे. 'क्षमेचा परिणाम' म्हटलं की क्षमेने माणूस बदलला हे उत्तर तुम्हीच हातात दिलंत. मुलाला शोधायला काय उरलं? असा प्रश्न द्या ज्यावर दोन शहाणी मुलं भांडतील. उदाहरणार्थ, बिशप पोलिसांसमोर खोटं बोलला का? 'शमादानंही दिली होती, ती का नेली नाहीस?' असं तो म्हणतो. दिली तर नव्हती! मग 'खोटी साक्ष देऊ नको' या दहा आज्ञांतल्या नवव्या आज्ञेचं काय?

संध्याप्रार्थना
नववी नव्हे, आठवी आज्ञा.

जुनी_वही
आमच्यात नववी.

संध्याप्रार्थना
कॅथलिक आणि लुथरन मोजणीत आठवी येते. मुलं मिश्र मंडळ्यांतली असतील तर वर्गात हे आधी सांगा, नाहीतर तास त्यातच जाईल. (अनुभव आहे.)

दुसरा_मैल
बिशपच्या प्रश्नाला पानातच खाद्य आहे. चोरी कळल्यावर तो घरातल्या बाईला म्हणतो की ही चांदी गरिबांची होती, मीच इतके दिवस चुकून ठेवली. म्हणजे भांड्यांपुरतं एखादं मूल त्याची बाजू घेऊ शकेल, शमादानांचं काय ते त्याला ठरवावं लागेल. पुढे कधीही खोटं न बोललेली सिस्टर सिम्प्लिस ही जोगीण ज्याँ वालज्याँच्या मागावरच्या झाव्हेर या पोलीस अधिकाऱ्यासमोर लागोपाठ दोनदा खोटं बोलते. या तीन जागा ताडून पाहिल्या की वचन पुराव्यासारखं येईल, शोभेला नाही.

आणि सगळ्यांत मोठी जागा: पेती जेर्व्हे. मुलांनी त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नाही?

नीलमोहर
कोण पेती जेर्व्हे?

दुसरा_मैल
बिशपकडून निघाल्यावर वाटेत ज्याँ वालज्याँ एका लहान मुलाच्या ४० सूंच्या नाण्यावर पाय ठेवतो. पोरगं रडतं, विनवतं, शेवटी पळून जातं. शमादानं मिळाल्यावरची चोरी आहे ही! त्यानंतर तो कोसळतो आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रडतो. तुम्ही संक्षिप्त आवृत्ती वापरताय का?

नीलमोहर
हो. दीडशे पानांची. त्यात बिशपनंतर थेट तो नगराध्यक्ष होतो.

जुनी_वही
मग मुलांना का बोल लावायचा? त्यांनी वाचलं तेच लिहिलं. वह्यांवर लाल शेरा नको. 'हे कोणत्या पानावर दिसलं?' एवढंच लिहा.

साधा_वाचक
हा प्रसंग मला माहीत नव्हता. पुस्तकाबद्दलचं मत बदललेलं नाही, पण पौलाच्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायातलं 'जे चांगलं करावंसं वाटतं ते करत नाही' याच्यासोबत तो वाचून घ्या.

नीलमोहर
शनिवारी वह्यांवर तेवढाच शेरा लिहिला आणि गाळलेलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग चिडीचूप. मग एक मुलगी म्हणाली, 'त्याला क्षमा झाली, पण त्या पोराचं नाणं?' दुसऱ्याने लगेच बायबलमधल्या जक्कयचं नाव काढलं, लुबाडलेलं चौपट परत देणाऱ्याचं. तिघं जण भांडायला लागले. नवा निबंध याच प्रश्नावर दिलाय. नाणं पुढे परत मिळतं का? मूळ कादंबरी मी आता कुठे सुरू केलीय.

दुसरा_मैल
तो मुलगा सापडत नाही. पण नगराध्यक्ष झाल्यावर गावात तसलं फिरतं पोरगं आलं की तो त्याला बोलावून नाव विचारतो आणि पैसे देतो. हे मुलांना सांगू नका, निबंध लिहून झाल्यावर वाचून दाखवा.