अनियोजित गर्भधारणेचा दर घटला, तर दरीही घटली का?

समाजकार्याची विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी अनियोजित गर्भधारणा आणि सामाजिक विषमता हा विषय घेतला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातील १२.९ टक्के विवाहित स्त्रियांची गर्भनिरोधनाची गरज अपूर्ण होती, म्हणजे मूल नको किंवा लांबवायचे असूनही त्या साधन वापरत नव्हत्या; २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ९.४ टक्क्यांवर आले. यावरून गरीब आणि सुस्थितीतील स्त्रियांमधील दरीही कमी झाली, असे म्हणता येईल का? माझ्या मार्गदर्शकांना तसे वाटते. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे पुरावा नाही.

आकडेवारीचा वाचक

आपली शंका रास्त आहे. सरासरी जागची हललेली नसतानाही आत उलथापालथ होऊ शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथे १९९४ आणि २००१ या दोन्ही वर्षी १५ ते ४४ वयोगटातील दर हजार स्त्रियांमागे सुमारे ५१ अनियोजित गर्भधारणा होत्या. मात्र याच काळात दारिद्र्यरेषेखालील स्त्रियांमध्ये हा दर २९ टक्क्यांनी वाढला आणि दारिद्र्यरेषेच्या दुप्पट वा अधिक उत्पन्न असलेल्यांमध्ये २० टक्क्यांनी घटला. पुढे २००८ ते २०११ दरम्यान एकूण दर ५४ वरून ४५ वर आला आणि या वेळी गरीब स्त्रियांमध्येही तो उतरला. तरी २०११ मध्ये गरीब गटात ११२ आणि सुस्थितीतील गटात २० एवढे अंतर उरलेच. त्याच वर्षी तेथील एकूण गर्भधारणांपैकी ४५ टक्के अनियोजित होत्या. हे ४५ आणि दरातले ४५ वेगळे आहेत. प्रबंधात नेमकी येथेच गल्लत होते.

इतवारीकर

भारताची याच्याशी थेट तुलना करू नये. एक तर प्रश्नात दिलेला आपल्याकडचा आकडा केवळ विवाहित स्त्रियांचा आहे. दुसरे असे की, आपल्या सर्वेक्षणात बाईला विचारतात: दिवस गेले तेव्हा मूल तेव्हाच हवे होते, नंतर हवे होते, की नकोच होते? समोर खेळणाऱ्या लेकराबद्दल ‘नकोच होते’ असे किती आया सांगतील? शिवाय गर्भपात सांगितलेच जात नाहीत. २०१५ साठीच्या एका अंदाजानुसार देशात सुमारे ४ कोटी ८१ लाख गर्भधारणा झाल्या, त्यांतील जवळपास निम्म्या अनियोजित होत्या आणि १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आरोग्य केंद्रांबाहेर, गोळ्या घेऊन झाले.

निवृत्त परिचारिका

ताई, साधन कोणते वापरले जाते, तेही पाहा. पाचव्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांचे ऑपरेशन झालेले होते, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के होती. म्हणजे दोन-तीन मुले झालेली बाई सुरक्षित होते; पण नवी सून किंवा पाळणा लांबवू पाहणारी बाई असुरक्षितच राहते. सरकारी दवाखान्यात तांबी आणि ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत आहे, परंतु इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते आणि कळमन्याच्या बाजारात रोजीवर जाणाऱ्या बाईला त्यासाठी त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. इंजेक्शनानंतर पाळी अनियमित होऊ शकते, हे तिला आधी नीट समजावले नसेल तर ती घाबरते आणि पुढच्या डोसला फिरकत नाही. धरमपेठेसारख्या सुखवस्तू भागातील बाई अशा वेळी डॉक्टरांना फोन करते. नवऱ्यांशीही बोला, त्यांना कोणी काही विचारतच नाही.

समाजकार्याची विद्यार्थिनी, नागपूर

आभारी आहे. साधन मध्येच का सुटले, हाच आता प्रश्न ठेवते. वस्तीतील सतरा-अठरा वर्षांच्या विवाहित मुलींशी बोलावे, असा विचार आहे.

इतवारीकर

अठरा वर्षांखालील मुलींबाबत थांबा. अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध, लग्न झालेले असले तरी, गुन्हा ठरतो; २०१२ च्या पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीवर ती कळवण्याचे बंधन घातले आहे, त्यात संशोधकही आले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताबाबत तिची ओळख न सांगण्याची मुभा दिली, पण ती डॉक्टरांना. अठरा पूर्ण झालेल्या मुलींपासूनच सुरुवात करा आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी मुलाखतींच्या आधी घ्या.