प्रक्षेपणाचे चित्रीकरण सुट्या हार्ड डिस्कवर किती काळ सुरक्षित राहते?

प्रश्न (संकलक, कोल्हापूर): आमच्या छोट्या वृत्तवाहिनीचे चित्रीकरण एक्सडीकॅम (सोनीच्या व्यावसायिक व्हिडिओ) स्वरूपात, ५० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने होते, म्हणजे तासाला केवळ चित्राचेच सुमारे २२.५ जीबी साठतात. ते सारे सुट्या हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवतो. गेल्या महिन्यात त्यांपैकी एक डिस्क सुरूच झाली नाही. काय बदलावे?

उत्तर १: डिस्क बिघडणारच, असे धरून चालावे. किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक इमारतीबाहेर ठेवावी. एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) मात्र संग्रहासाठी वापरू नका. दीर्घकाळ वीज न मिळाल्यास तिच्यातील विद्युतभार, आणि त्याबरोबर माहिती, हळूहळू नष्ट होऊ शकते.

उत्तर २: प्रत घेतानाच प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधील माहितीवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा पडताळणी-अंक) काढून ठेवावा आणि वर्षातून एकदा तो पुन्हा ताडून पाहावा, कारण न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरील संपूर्ण फोल्डररचना जशीच्या तशी उतरवा. नुसत्या क्लिप उचलल्या तर सोबतची माहिती हरवते. (हे मी फार उशिरा शिकलो.)

उत्तर ३: साठा वाढत असेल तर एलटीओ टेपचा (संग्रहासाठीच्या चुंबकीय टेपचा) विचार करावा. एलटीओ-९ टेपवर संक्षेपाशिवाय १८ टीबी मावतात. ड्राइव्ह महाग आहे, शिवाय एलटीओ-९ ड्राइव्ह केवळ एक पिढी मागेपर्यंतच्याच टेप वाचते, त्यामुळे काही वर्षांनी स्थलांतराचा खर्च अटळ आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चेकसमपासून सुरुवात करतो.