प्रतिसाद: हेल्मेट काढून बोला

कच्च्या वाटांवर बाईक घेऊन जाताना आमचे रायडिंगचे कपडे बघून गावकरी बिचकतात, या चर्चेत वर एका भावानं लिहिलंय, "वाट सरकारी आहे, आमच्या कपड्यांचं कुणाला काय?" भावा, पन्हाळ्याच्या पलीकडं निम्म्या वाटा कुणाच्या तरी बांधावरनं जातात. त्यानं काटे टाकले की वाट संपली.

गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या खाली आम्ही पाच गाड्या. चिखलानं माखलेली जॅकेटं, गुडघ्याला पॅड, काळ्या काचेची हेल्मेटं. समोरनं म्हशी घेऊन येणाऱ्या मावशी जागच्या जागी थांबल्या, काठी घट्ट धरून. गाड्या बंद केल्या, हेल्मेट काढलं, "मावशी, आधी म्हशी जाऊ देत" म्हटलं. चेहरा दिसल्यावर त्याच हसून बोलल्या, पुढची वाटही सांगितली.

आवाजाचं तर बोलूच नका. सायलेन्सर बदलून फटाके वाजवणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही, आणि त्या एका गाडीपायी गाव सगळ्यांनाच शिव्या देतं.

आणि पठारावर गाडी घालूच नका. जांभ्या दगडावर जेमतेम बोटभर माती असते, त्यातच रानफुलं येतात. चाक फिरलं की ती माती सुटते आणि पावसात वाहून जाते. गाडी खाली लावा, वर चालत जा.