मदत हवी आहे: भावाच्या रक्तात एएव्हीच्या अँटिबॉडी निघाल्या, जीन थेरपीचा विषय संपला का?

धाकट्याची_ताई:
नमस्कार मंडळी. माझ्या भावाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त नीट गोठत नाही, तीव्र प्रकारचा. रक्त गोठवणारं प्रथिन, फॅक्टर ८, एक टक्क्याहूनही कमी. वय २६. रक्त उतरून उतरून डावा घोटा कामातून गेलाय. सूज दिसायच्या आधीच त्याला आतून मुंग्या येतात, मग तो काही न बोलता फ्रीजकडे जातो आणि फॅक्टरच्या पावडरीत पाणी सोडून बाटली दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवत बसतो. जोरात हलवायची नसते, फेस होतो. वीस वर्षं हेच बघतेय.

एएव्ही नावाच्या विषाणूच्या कवचातून चांगलं जनुक शरीरात पोचवणाऱ्या जीन थेरपीच्या चाचणीसाठी त्याचं रक्त तपासलं. उत्तर आलं: एएव्ही ५ (त्या विषाणूचा एक प्रकार) च्या अँटिबॉडी आहेत, घेता येणार नाही. आईने तेव्हापासून धरून ठेवलंय की "म्हणजे इनहिबिटर आला", म्हणजे टोचलेलं फॅक्टरच निकामी करणारी अँटिबॉडी. मला ते पटत नाही, पण समजावताही येत नाही. शिवाय या विषाणूचा आजार त्याला कधी झालाच नाही, मग अँटिबॉडी आल्या कुठून? आणि कालांतराने जातात का?

दुसरं म्हणजे, वेल्लोरच्या डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या संशोधनाबद्दल वाचलं. २०२४ मध्ये त्यांच्या गटाने हिमोफिलिया एच्या पाच रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात जनुक पोचवायला लेंटिव्हायरस हा दुसरा विषाणू वापरलाय. तो एचआयव्हीच्या कुळातला, हे कळल्यावर आई आणखीच घाबरली. तिथेही या अँटिबॉडी आड येतील का?

पेट्रीडिश:
ताई, आधी आईंची भीती घालवा. इनहिबिटर फॅक्टर ८ वर हल्ला करतो. या अँटिबॉडी विषाणूच्या कवचावर करतात. त्यांच्यामुळे भावाचं नेहमीचं फॅक्टर निकामी होत नाही.

एएव्हीने माणसाला आजार होत असल्याचं माहीत नाही, म्हणून तर वाहक म्हणून तो निवडला. नकळत होऊन जातो, अँटिबॉडी मागे राहतात. कित्येकांत सापडतात. त्या आपोआप जातील या आशेवर बसू नका. मात्र नकार हा त्या चाचणीपुरता असतो. हिमोफिलिया बीच्या (त्यात फॅक्टर ९ कमी असतं) एका एएव्ही ५ औषधाच्या चाचणीत ५४ जण होते, त्यांतल्या २१ जणांत अँटिबॉडी आधीच होत्या, तरी बहुतेकांना गुण आला. पण ते फॅक्टर ९, त्याचं जनुक लहान. एएव्हीत साधारण ४.७ किलोबेस (जनुकाच्या लांबीचं माप) एवढंच मावतं. फॅक्टर ८ चं अख्खं जनुक त्यात बसत नाही, मधला तुकडा कापून कसंबसं कोंबावं लागतं.

वेल्लोरचा रस्ताच निराळा. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी काढायच्या, शरीराबाहेर लेंटिव्हायरसने त्यांत जनुक घालायचं, आणि त्या परत द्यायच्या. विषाणू थेट रक्तात सोडत नाहीत, त्यामुळे कवचावरच्या अँटिबॉडीचा अडसर तिथे येत नाही. आणि तो लेंटिव्हायरस इतका छाटलेला असतो की स्वतःच्या प्रती काढूच शकत नाही. पाचही जणांचा वार्षिक रक्तस्राव दर शून्य आला. तरी माणसं पाचच, हे विसरू नका.

घोट्याचा_मालक:
मी स्वतः हिमोफिलिया एवाला. एएव्ही हुकलं म्हणून फार हळहळू नका. फॅक्टर ८ च्या बाबतीत एका डोसनंतर पातळी छान चढते, पण पुढच्या काही वर्षांत उतरत जाते. आणि एकदा घेतलं की अँटिबॉडी एवढ्या वाढतात की तेच पुन्हा देता येत नाही. ते घेतल्यावर आमच्या एका मित्राचा यकृताचा एन्झाइम वाढला, काही महिने स्टेरॉइड घेतले, चेहरा असा सुजला की ओळखू येईना.

मूळपेशींच्या उपचारात त्या रुजाव्यात म्हणून आधी केमोथेरपी द्यावी लागते. मूल हवं असेल तर वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. तोवर एमिसिझुमॅबबद्दल, म्हणजे फॅक्टर ८ चं काम करणाऱ्या औषधाबद्दल, विचारलंय का? त्वचेखाली टोचायचं, शीर शोधावी लागत नाही.

धाकट्याची_ताई:
दोघांचे आभार. आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे फ्रीजमधल्या बाटल्या चालतील ना?" चालतील म्हटलं. एमिसिझुमॅबचं पुढच्या भेटीत विचारते. केमोचं भावाला अजून सांगितलेलं नाही. आणि ते वीर्य साठवण्याचं मी त्याच्याशी कसं बोलू? घोट्याचा_मालक, तुम्हीच त्याला फोन कराल का? व्यनि करते.