सरपंचताईंचा सत्कार: मानपत्र कसं लिहावं, कार्यक्रम कसा बसवावा?

वाघोटणकाठ:
देवगड तालुक्यातलं आमचं गाव, 9 वाड्या. सलग 4 टर्म ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या, त्यातली शेवटची 5 वर्षं सरपंच असलेल्या ताई यंदा उभ्या राहणार नाहीत. चाकरमानी गावात असतील तेव्हा, मे महिन्यात, ग्रामस्थ आणि मुंबई मंडळ मिळून सत्कार करायचं ठरलंय. शाल-श्रीफळ होईलच, पण 20 वर्षांच्या कामाला शोभेल असं करायचंय. मानपत्रात काय घ्यावं? कार्यक्रम कुठे ठेवावा? जाणत्यांनी सविस्तर सांगावं.

दप्तरवाला:
आधी मानपत्राचं बघा, मांडव नंतर. मानपत्रं फसतात ती विशेषणांमुळे. ‘धडाडीच्या, कर्तव्यदक्ष, लोकाभिमुख’ हे कुणालाही लागू पडतं, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात काहीच राहत नाही. त्याऐवजी कामं लिहा, वाडीच्या नावासकट.

ती शोधायची ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये. मासिक सभा आणि ग्रामसभा यांची इतिवृत्तं वेगळी असतात, दोन्ही चाळायची. ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) लेखी पत्र द्या आणि कार्यालयातच बसून टिपणं काढा, वही घरी मागू नका. दोन माणसं आणि दोन-तीन दिवस धरा. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं असतात. ताई सूचक कुठे होत्या ते बघा, कारण सदस्य असतानाचं त्यांचं काम तिथेच सापडेल. कोणत्या वाडीच्या पाण्याचा विषय त्यांनी मांडला, तो किती सभांत पुन्हा पुन्हा आणला, साकवाचा (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा) प्रस्ताव पंचायत समितीकडे कधी गेला, हे सगळं तारखेनिशी मिळतं.

साल लिहिताना जपा. ठराव एका वर्षी, मंजुरी दुसऱ्या, काम पुरं तिसऱ्या वर्षी, असं नेहमी होतं. मानपत्रात काम पुरं झाल्याचं साल घाला. काम आधीच्या सरपंचांच्या काळात सुरू झालं असेल तर तसं स्पष्ट म्हणा: ‘आधीच्या कार्यकारिणीने मंजूर करून आणलेली नळपाणी योजना ताईंच्या काळात पुरी झाली.’ माजी सरपंच पहिल्याच रांगेत बसलेले असतात. त्यांचं श्रेय गेलं की चांगल्या कार्यक्रमाला गालबोट लागतं आणि ताईंनाही अवघडल्यासारखं होतं.

2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळानंतरचं काम वेगळं लिहा. पंचनाम्यांच्या याद्या, छपरं उडालेली घरं, आंबा-काजू बागांचं आणि होड्यांचं नुकसान, या कामात सदस्याची खरी कसोटी लागली. त्याची नोंद प्रोसिडिंगमध्ये कमी आणि माणसांच्या तोंडी जास्त मिळेल, म्हणून प्रत्येक वाडीतल्या दोघा-तिघांना विचारून घ्या.

मजकूर 180 ते 200 शब्द. सावकाश वाचला तर दोन मिनिटांत होतो. मसुदा छापण्याआधी ताईंच्या घरच्यांना दाखवा, पूर्ण नावात चूक राहायला नको.

आणखी एक, मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते: 1 मेच्या ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घ्या. नोटीस 7 दिवस आधी निघते, त्यापूर्वीच विषय विषयपत्रिकेत घालायला अर्ज द्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथेही मांडा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमवायची जबाबदारी वाडीवार वाटून घ्या. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मानपत्रासोबत ताईंच्या हाती द्या. ताईंचं काम गावाच्या दप्तरात कायमचं नोंदलं जाईल.

मांडवकरी:
तारीख 20 ते 28 मे दरम्यान घ्या. त्याआधी हापूसची काढणी, पेट्या भरणं चालू असतं, बागायतदार आणि गडी येत नाहीत. जूनवर ढकलू नका. वळीव मे महिन्यातही येतो, म्हणून उघड्या मैदानापेक्षा देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा हॉल धरा.

उघड्यावरच करायचं असेल तर व्यासपीठ उत्तरेला किंवा दक्षिणेला बांधा. संध्याकाळी 5 वाजता ऊन समुद्राकडून आडवं येतं. स्टेजचं तोंड पश्चिमेला असलं तर पाहुणे डोळ्यांवर हात धरून बसतात, पूर्वेला असलं तर तीच गत प्रेक्षकांची. मागचा फ्लेक्स दुपारनंतरच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि बांबूसकट ओढला जातो. कापडी बॅनर घ्या आणि चारही बाजूंनी हातभर अंतरावर सुतळीने बांधा. लाइट जाणार हे धरूनच चाला: साउंडवाल्याकडे इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, ते इसार देण्याआधी विचारा. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून काढा आणि रात्री 10 च्या आत आटपा.

सुरुवात गावकरांच्या (गावच्या मानकऱ्यांच्या) गाऱ्हाण्याने, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याने करा. ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना सगळा गाव एका सुरात येतो, मग दीपप्रज्वलनाला वेगळी 10 मिनिटं घालवायची गरज उरत नाही.

वाघोटणकाठ:
फार उपयोगी, आभारी आहे. दोन अडचणी आहेत. प्रत्येक वाडीला आपला वेगळा सत्कार करायचाय, नाही म्हटलं तर रुसवा. आणि काही सदस्य म्हणतात, खर्च ग्रामपंचायतीतून करू.

सुपारीबाग:
खर्च ग्रामनिधीतून मुळीच नको. ऑडिटला आक्षेप निघेल आणि तो ताईंच्याच कारकिर्दीवर येईल. वर्गणी काढा, छापील पावती द्या, हिशोब कार्यक्रमानंतर 8 दिवसांत फळ्यावर लावा. मंडळ आणि गाव यांची पावतीपुस्तकं वेगळी असली तरी हिशोब एकच ठेवा.

वाड्यांचं असं: 9 वाड्या, प्रत्येकी शाल, फोटो, दोन शब्द मिळून 4 मिनिटं धरली तरी 36 मिनिटं तिथेच गेली. त्याऐवजी प्रत्येक वाडीकडून एक जाणती बाई किंवा बुवा यावा, आपल्या वाडीत झालेलं एकच काम एका वाक्यात सांगावं आणि एकाच परडीत नारळ ठेवावा. रुसवा राहत नाही आणि 10 मिनिटांत आटपतं. भाषणं तीनच: प्रास्ताविक, प्रमुख पाहुणे, ताईंचं मनोगत. मनोगताला वेळ मोजू नका.

निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली तर ग्रामपंचायतीच्या इमारतीत कार्यक्रम घेऊ नका. बॅनरवर पक्षाचं चिन्ह किंवा पुढच्या इच्छुकांचे फोटो तर केव्हाच नकोत, कारण दिवस ताईंचा आहे.

दप्तरवाला:
फ्रेमबद्दल राहिलंच. मखमली पाठीच्या फ्रेमला आपल्याकडच्या पावसात पहिल्याच वर्षी बुरशी धरते आणि साध्या इंकजेटची शाई ओल लागली की पसरते. लेझर प्रिंट घ्या, 12 बाय 18 इंच. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) सोडायला सांगा आणि मागची फट टेपने पूर्ण बंद करून घ्या. पितळी मुलाम्याची स्मृतिचिन्हं खाऱ्या हवेत काळी पडतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम केलेल्या लाकडी वस्तू मिळतात, त्यातली एखादी द्या. मे महिन्यात तिथे गर्दी असते, एप्रिलच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा.